भिंतीकडची जागा

६ ऑक्टोबर, शनिवार

निखाऱ्यांची इस्त्री आधी केळीच्या पानावरून फिरवायची. तळ गुळगुळीत होतो आणि पान करपल्याचा गोडसर वास येतो. शनिवारची दुपार. विहिरीजवळच्या बाकावर आम्ही दोघी बहिणी. मी नऊ वर्षांची, नेनिता सहा. कॉन्व्हेंटचे निळे स्कर्ट कांजी करून वाळवलेले, पुठ्ठ्यासारखे कडक. सोळा चुण्या! सोमवारी मदर इम्माकुलादा पट्टी घेऊन फिरायच्या. एक जरी चुणी वाकडी दिसली तरी दिवसभर वर्गाबाहेर. म्हणून मी चुण्या बोटांनी धरायचे आणि नेनिता निखाऱ्यांवर फुंकर घालायची. राख उडायची ती नेमकी पांढऱ्या ब्लाउजवर!

"मी नाही मानांग, वाऱ्यानं केलं!" नेनिता म्हणायची. तिला मी मानांग, म्हणजे ताई.

आई आतून ओरडायची, "मग वाऱ्यालाच सांग धुवायला!"

एवढंच. आमची शनिवारची बैठक घेणाऱ्या ग्रासियानं सांगितलं होतं, त्या वर्षातली एक चांगली गोष्ट लिहून काढा. मला वाटलं एकही आठवणार नाही. ही आठवली, वासासकट.

त्याच वर्षी आईचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला. तियो आनसेल्मो. गावाच्या बँडचा मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचा. त्यानं माझ्याशी काय केलं ते मी बावन्न वर्षं कुणाला सांगितलं नाही. मार्चपासून सांगते आहे — दर शनिवारी सकाळी, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, सात माणसांना. सहा बायका आणि एक नोंग इस्को — सगळ्यांचा दादा, म्हणून नोंग. चाळीस वर्षं ट्रायसिकल, भाड्याची तीनचाकी, चालवलेला माणूस. तो पहिल्या दिवशी मला म्हणाला, "रडायचं असेल तर आधी खा. उपाशीपोटी रडलं की ढेकर येतात." आणि बिबिंगकाचा, तांदळाच्या केकचा, तुकडा हातात ठेवला. मी रडणार होते, हसले.

ग्रासिया माझ्या निम्म्या वयाची, मला आदरानं नांग म्हणते. बैठक सुरू करताना ती मेणबत्ती लावते. मग प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. ज्यानं केलं त्याचं नाही, ज्या मुलाला सोसावं लागलं त्याचं. माझी पाळी आली की मी म्हणते — डेलिंग. फिडेलाचं डेलिंग. आई गेल्यापासून मला या नावानं कुणी हाक मारलेली नाही.

९ ऑक्टोबर

नेनिताचा फोन. तियोला इस्पितळातून घरी पाठवलंय. "आता काही दिवसच, मानांग. तुझी आठवण काढतोय." मी म्हटलं, पाव भट्टीत आहे, नंतर बोलते. पाव कसला! मी दहा वर्षांत पाव केलेला नाही.

१० ऑक्टोबर

तो जगला काय, मेला काय, मला काही वाटू नये, असं ठरवून टाकलं होतं. पण ते तेवढ्यावर भागत नाही. या गल्लीत कुणी गेलं की नऊ दिवसांची प्रार्थना मी सांगते. अठ्ठावीस वर्षं. आईचं निळं पुस्तक, आईचीच चाल. मी म्हणते, बाकीचे मागून म्हणतात. कोळ्यांच्या घरी सांगितली, नगराध्यक्षाच्या आईसाठी सांगितली, बुडालेल्या पोरासाठी सांगितली — तेव्हा त्याच्या आईला आवाज फुटत नव्हता, तिचंही मीच म्हटलं.

त्या पुस्तकात मधेच एक रिकामी जागा आहे. तिथं गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. नऊ दिवस, दिवसातून दहा वेळा.

तो गेला की ते माझ्याकडेच येणार. नाही म्हटलं तर सगळा गाव विचारणार, का? हो म्हटलं तर ते नाव माझ्या तोंडून नव्वद वेळा.

आणि नेनिताला काही माहीत नाही. तिच्यासाठी तो गोळ्या आणून देणारा, खांद्यावर बसवून जत्रेत नेणारा मामा. मला भीती तिचीच आहे. ती "खरंच?" असं म्हणाली तर? नुसतं तेवढं जरी म्हणाली तरी.

१३ ऑक्टोबर, शनिवार

बैठकीत विचारलं. काय करू?

ग्रासिया म्हणाली, "कुणाचाही आत्मा स्वर्गात पोचवणं हे तुमच्यावर सोपवलेलं काम नाही, नांग फिडेला."

मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं तेच काम करतेय, बाई."

सगळे हसले. नोंग इस्को म्हणाला, "मी असतो तर गेलो असतो, पान्सितच्या शेवया दोनदा वाढून घेतल्या असत्या आणि प्रार्थनेच्या वेळी खोकत बसलो असतो." मग गंभीर झाला. त्याच्या बाबतीत ते करणारा शेजारी होता. शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत यानं स्वतःच्या ट्रायसिकलमधून फुलं वाहिली होती. "भाडंसुद्धा घेतलं नाही. अजून झोपेतून दचकून उठतो, ती फुलं आठवून."

काय करावं ते कुणीच सांगितलं नाही. उठताना ग्रासियानं फक्त माझा डबा धुऊन दिला.

१४ ऑक्टोबर, रविवार

गेले. नेनिताला टाळता आलं नाही. मनाशी पक्कं केलं होतं — दारात उभं राहायचं, दोन मिनिटं, हात धरायचा नाही.

खाटेवर एवढासा झालाय. शहाऐंशी वर्षं. डोळे अर्धे मिटलेले. त्याची मुलगी एव्हांग कानाशी म्हणाली, "तातय, फिडेला आलीय." त्याचा हात चादरीवरून वर आला. आणि माझी मान वाकली! थोरल्यांचा हात दिसला की कपाळ टेकायचं — हे या देशात बोलायच्या आधी शिकवतात. पाय पुढे गेले, कंबर वाकली, कपाळ त्याच्या बोटांना लागलं. तोपर्यंत मला कळलंच नाही. बोटं गार. मी एकसष्ट वर्षांची बाई, निवृत्त शिक्षिका, आणि माझं कपाळ मला न विचारता गेलं!

मागे पोरं रांगेत उभी. सगळ्यांनी आशीर्वाद घ्यायचा. नेनिताची नात मिकाय, आठ वर्षांची, तिनं हात पाठीमागे लपवले. एव्हांगनं तिला पुढे ढकललं. "चल ग, आजोबा आहेत."

"तिला नको," मी म्हटलं.

एव्हांग म्हणाली, "काय?"

"तिची इच्छा नाही. तिला नको."

मिकायला बाहेर अंगणात घेऊन आले. विचारलं, का ग हात लपवलेस? काही झालं का? कुणी काही केलं का? मला ती लोला म्हणते, आजी. म्हणाली, "लोला, त्यांच्या हाताला औषधाचा घाण वास येतो." एवढंच ना? नक्की? "आणि नखं लांब आहेत." मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "लोला, मला श्वास घेऊ दे!"

घरी येऊन कपाळ साबणानं धुतलं. मग स्वतःचीच कीव आली. मग चहा केला.

१८ ऑक्टोबर

सकाळी सहाला गेला. एव्हांगनं कुणाला तरी पाठवून निरोप दिला — उद्या चारपासून प्रार्थना, पुस्तक आणायला विसरू नकोस.

मी येईन की नाही, असं कुणी विचारलंच नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गेले. हो, गेले. का ते सांगता येत नाही. सवय, लाज, नेनिताचा सुजलेला चेहरा. माझ्यासाठी नेहमीची खुर्ची ठेवलेली. समोर त्याचा फोटो, बँडच्या गणवेशातला, सोनेरी बटणं. फोटोपुढे मेणबत्ती. चाळीसेक माणसं. मी पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली. आवाज चांगला लागला — तेवढा अभिमान अजून आहे. रिकामी जागा येत होती. मी मेणबत्तीकडे बघत होते. मेणाचा वास. आणि तोंडून निघालं —

"प्रभो, तुझी सेविका डेलिंग हिला चिरशांती दे."

मागून लोकांनी म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. माझं मलाच ऐकू आलं. एका लहान पोरानं विचारलं, "डेलिंग कोण?" कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग पिलार म्हातारी — माझ्या शेजारची, नांग पिलार — छातीवर हात मारून उठली. "अरे देवा! स्वतःचंच नाव घेतलंन! बाळपणीचं नाव तिचं! मेलेल्यांच्या प्रार्थनेत जित्या माणसाचं नाव!" चार म्हाताऱ्या माझ्याभोवती. एक मला पाणी पाजतेय, एक लाकडी टेबलावर टकटक करतेय. एव्हांग दात खाऊन म्हणाली, "वडिलांचं नाव घेताना जीभ झडते का?"

पिलारनं निकाल दिला. "ही नऊ दिवस एकटी झोपता कामा नये. मरण वाट बघत असतं अशांची."

नेनिता लगेच म्हणाली, "मी जाते तिच्या सोबतीला."

आलीय. बगलेत आईची जुनी चटई घेऊन!

२० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नेनिता चटई गुंडाळता गुंडाळता कुरकुरत होती. तीच कुरकुर, पन्नास वर्षांची. लग्नात, वाढदिवसाला, पाहुणे आले की सांगायची गोष्ट — मानांग कशी आपमतलबी, लहानपणी वाऱ्याची दाराकडची जागा स्वतः घ्यायची आणि मला भिंतीला चिकटवायची. "म्हातारी झालीस तरी सोडवेना ना? काल पुन्हा दाराकडे तूच! मी मेले उकडून."

मी भांडी पुसत होते. पाठमोरी होते. म्हणून जमलं असेल.

म्हटलं, "मी दाराकडे झोपायचे, कारण तो दारातून यायचा."

"कोण?"

"तियो."

मग बाकीचं सांगितलं. फार नाही. पाच-सहा वाक्यं. नऊ ते बारा वर्षं वय. आई बाजाराला गेली की, आणि काही रात्री. वाटेत मी असले की तो पुढे जाणार नाही, असं मला वाटायचं. म्हणून तू भिंतीला. मार्चपासून शनिवारी शिवणाला जाते म्हणते ते खोटं, कुठे जाते तेही सांगितलं.

आणि विचारलं — जे विचारायची बावन्न वर्षं हिंमत झाली नाही ते — "तुला कधी...?"

ती चटईवर बसली होती. तिचा आवाज सहा वर्षांच्या पोरीसारखा आला. "नाही. कधीच नाही. मला फक्त उकडायचं."

मग उठली. चप्पल घातली, उलटी. गेली. चटई इथंच राहिली.

"खरंच?" असं म्हणाली नाही. पण दुसरंही काही म्हणाली नाही.

बैठकीला गेले. सगळं सांगितलं. नोंग इस्कोनं नाक शिंकरलं आणि म्हणाला, "म्हणजे तू पोरगी असताना पहारेकरी होतीस." मला हा शब्द कधी सुचला नव्हता. मी स्वतःला घाबरट समजत आले.

चारच्या प्रार्थनेला गेले नाही. पुस्तक कपाटात.

२१ ऑक्टोबर

नेनिता आली नाही.

२२ ऑक्टोबर

नाही. फोनही नाही. काल चर्चमध्ये मिस्सालाही दिसली नव्हती. ती कायमची गेली, असं आज दिवसभर वाटतंय. सांगितलं नसतं तर मामाही गेला असता आणि बहीणही राहिली असती. कपाटातला आम्हा दोघींचा शाळेच्या स्कर्टातला फोटो काढून बघितला. तिची चुणी वाकडी आहे. माझ्या सगळ्या सरळ.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

पिलार सकाळी सकाळी झाकलेली ताटली घेऊन दारात. "जिवंत आहेस ना? बघायला आले." मग खुर्ची ओढून बसली. "तुला कळलं का, काल काय झालं?"

मला कसं कळणार!

तर — शनिवारपासून प्रार्थना एव्हांगच सांगतेय, अडखळत. काल संपल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, की फिडेलाला गर्व झालाय, ज्या मामानं अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्यासाठी हिच्याकडे चार शब्द नाहीत. नेनिता मागच्या बाकावर होती. ती उठली. पुढे गेली. फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

पिलारनं नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून. "माझ्या बहिणीनं या गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी प्रार्थना सांगितली. एकदाही नाही म्हटलं नाही. या एका माणसासाठी ती सांगणार नाही. का, ते ज्याला ऐकायचं असेल त्यानं आत्ता विचारा. मी इथं, याच्या फोटोसमोर सांगते."

"मग?"

"मग काय! कुणी विचारलं नाही. आधी म्हातारा नोंग केलोय टोपी घेऊन निघून गेला. मग मी निघाले. मग अर्धं घर." पिलार माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बँड शिकायला माझा धाकटा भाऊ जायचा त्याच्याकडे. एक दिवस बासरी नदीत टाकून घरी आला. बापानं फोडून काढला त्याला, बासरी हरवली म्हणून. आम्ही कुणी विचारलं नाही ग. का टाकली, असं कुणी विचारलं नाही."

ताटलीत सुमान होते, केळीच्या पानात शिजवलेले चिकट भाताचे. दोघींनी मिळून खाल्ले. पानं चाटूनपुसून.

२४ ऑक्टोबर

नेनिता आली. डोळे सुजलेले, हातात पिशवी.

"मानांग, मी पन्नास वर्षं लोकांना ती गोष्ट सांगितली. हसवलं लोकांना. तू पण हसायचीस."

"छान सांगायचीस तू."

"गप्प बस!" आणि रडली. मग मी रडले. मग तिनं विचारलं, काही खायला आहे का. नोंग इस्कोचं बरोबर आहे — तिला ढेकर आली!

पिशवीत काय होतं? आमची निखाऱ्यांची इस्त्री. गंजलेली, मूठ तुटलेली. तिच्या माळ्यावर होती इतकी वर्षं. दोन दिवस तीच शोधत होती, म्हणाली. का, ते तिलाही सांगता येईना.

२७ ऑक्टोबर, शनिवार

आज नववा दिवस. तिकडे एव्हांगच्या घरी काय चाललंय माहीत नाही. गेलो नाही.

दुपारी चारला नेनितानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणबत्ती लावली. मेणबत्तीपुढे फोटो ठेवला — तोच स्कर्टातला, त्यात नऊ वर्षांची मी, बाजूचा एक दात पडलेली. निळं पुस्तक तिनं घेतलं. मी म्हटलं, तुला चाल येत नाही. ती म्हणाली, "बस तिथं. आज तू मागून म्हणायचं."

बेसूर! देवा, किती बेसूर! जन्मात तिनं कधी प्रार्थना सांगितली नाही. 'मृत' शब्द आला की थांबायची, डोळे बारीक करायची आणि तो गाळून पुढे जायची. "मेली नाहीये ना ती, मग कशाला म्हणू?" रिकाम्या जागी दहाही वेळा — डेलिंग. डेलिंग. तिच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी तिला मी मानांगच होते.

मी मागून म्हणत राहिले. पिलार दारातून डोकावली, न बोलता आत आली, तीही म्हणू लागली. मधेच तिनं हळूच आपल्या भावाचं नाव घातलं. नेनितानं मान हलवली, चालेल म्हणून.

संपल्यावर आल्याचा चहा. मला नऊ वर्षांच्या मुलीसारखी भूक लागली होती.

१ नोव्हेंबर

आज गेलेल्यांचा दिवस. आईच्या थडग्याला चुना लावला, फुलं वाहिली, तिथंच बसून जेवलो — सगळा गाव तसाच बसलेला, आपापल्या माणसांजवळ. चार थडगी पलीकडे त्याचं, नवीन. आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो. मिकाय चुन्यानं माखलेली. नेनिता आईला म्हणाली, "आई, तुझ्या थोरलीवर रागवू नकोस हं, ती प्रार्थना सांगायचं सोडतेय." मी तसं काही म्हटलं नव्हतं. पण खरं होतं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ दिवस झाले की गेलेल्याच्या वस्तू वाटून टाकायच्या असतात. इथं कुणी गेलेलं नाही. तरी वाटते.

आईचं निळं पुस्तक — पिलारला. तिला चाल येते, आणि तिला आता बरीच नावं घ्यायची आहेत.

स्कर्टातला फोटो — ग्रासियाला, शनिवारच्या मेणबत्तीजवळ ठेवायला.

इस्त्री — नोंग इस्कोला. मूठ तो बसवून देतो म्हणालाय. मग परत नेनिताकडे.

ही वही — मी गेल्यावर मिकायला, ती अठरा वर्षांची झाली असेल तर. आधी नाही.

आईची चटई — इथंच राहील. नेनिता तिच्या सामानासकट राहायला आलीय. काल रात्री चटई अंथरून आधीच दाराकडे जाऊन पडली, पाय पसरून, म्हणाली, "आता माझी पाळी."

भिंतीकडची जागा — मला.